बाबांना घेऊन पासाव ते व्हिएन्ना: ट्रेन, सायकल आणि सहा महिन्यांच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज फोनवर बाबांनी परत विषय काढला. "तू ते नदीकाठनं सायकलचं म्हणाली होतीस, त्याचं काय झालं?" मी दिवाळीत सांगलीला असताना सहज बोलून गेले होते, ते त्यांनी धरून ठेवलंय. बाबा ६४ वर्षांचे, साखर कारखान्यात फिटर होते, आयुष्यभर कामावर सायकलनंच गेले. मी म्युनिकला सहा वर्षं आहे आणि माझी सायकल म्हणजे घर ते ऑफिस. म्हणजे लांब पल्ल्याचा अनुभव दोघांनाही शून्य. म्हणून लिहून ठेवतेय, कुणी आईवडलांना घेऊन असं काही करणार असेल तर निदान माझ्या चुका तरी परत करू नका.

रूट ठरायला वेळ लागला नाही. डॅन्यूबच्या काठानं जर्मनीतल्या पासावपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. हा युरोव्हेलो ६ नावाच्या फार मोठ्या मार्गाचा तुकडा आहे, जवळजवळ सगळा सपाट, आणि सव्वातीनशे किलोमीटरमध्ये मिळून फक्त दीडशेएक मीटर उतार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "उतार हाय म्हणायचा, पण जाणवायचा नाही. सरकारी पगारवाढ."

जायला म्युनिक ते पासाव रीजनल ट्रेन, सव्वादोन-अडीच तास. यायला व्हिएन्ना ते म्युनिक थेट गाडी, चार तास. कागदावर एकदम सोपं दिसतंय.

२६ जानेवारी

व्हिसाचं काम आधी सुरू केलं. आईबाबा दोघांसाठी मी इथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन हमीपत्र करून घेतलं (२९ युरो फी, पगाराच्या स्लिपा, घराचं अ‍ॅग्रीमेंट), ते मूळ कागद कुरिअरनं सांगलीला पाठवायचे. शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो आणि किमान ३०,००० युरो कव्हर असलेला प्रवास विमा लागतो. विमा घेताना आम्ही सायकलिंग चालतं का ते ईमेल करून विचारलं, साधं सायकलिंग चालतं, शर्यत चालत नाही असं उत्तर आलं. ते उत्तर प्रिंट काढून ठेवलंय.

जर्मनीचा व्हिसा ऑस्ट्रियात चालतो, त्याची वेगळी खटपट नाही.

९ फेब्रुवारी

आजची चूक सगळ्यात महाग आणि सगळ्यात मूर्खपणाची. मी ठरवलं २४ मेला निघायचं आणि ३० मेला परत. ऑफरमध्ये व्हिएन्ना ते म्युनिक दोघांचं तिकीट ७८ युरोत दिसलं, परत न होणारं, पण स्वस्त, म्हणून लगेच घेऊन टाकलं. मग निवांत चहा करून सायकलींची जागा बुक करायला बसले तर त्या गाडीत सायकलीची एकही जागा नाही. पुढच्या गाडीत नाही, संध्याकाळच्या गाडीत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

कारण कॅलेंडर बघितल्यावर कळलं. २९ मेला गुरुवारी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, दोन्ही देशांत, आणि शुक्रवारची रजा टाकून अख्खी जनता चार दिवस सायकली घेऊन बाहेर. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलींच्या जागा असतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, माणसांच्या चारशे. आणि तिथं सायकलीला तिकीटही लागतं आणि जागेचं रिझर्वेशनही लागतं, दोन्ही.

म्हणजे आधी सायकलीची जागा, मग माणसाचं तिकीट, मग हॉटेल, मग रजा. मी बरोबर उलटं केलं. शिवाय बाबांचा व्हिसा अजून हातात नाही हे तर विसरलेच होते. ७८ युरो गेले. नवऱ्यानं काही म्हटलं नाही, नुसतं कॅलेंडरचं पान फ्रिजवर चिकटवलं आणि सगळ्या सुट्ट्यांना लाल गोल केले.

१६ फेब्रुवारी

लाल गोलांवरून परत बसले. ८ आणि ९ जूनला पेंटेकॉस्ट हा ख्रिस्ती सण, त्यानंतर आमच्या बव्हेरिया राज्यातल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी, १९ जूनला अजून एक सण. त्यामुळे २३ जूनच्या सोमवारी निघायचं आणि ३० जूनच्या सोमवारी परतायचं. शनिवार-रविवार ट्रेनमध्ये सायकल घालायचीच नाही.

रीजनल गाड्यांमध्ये सायकलीचं रिझर्वेशन नसतं, जागा असेल तर घ्या नाहीतर पुढची गाडी, व्हीलचेअर आणि बाबागाडी आधी. माझं डॉइचलँड तिकीट (देशभरच्या रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास, २०२५ मध्ये ५८ युरो) पासावपर्यंत चालतं पण त्यात सायकल येत नाही, तिचं तिकीट वेगळं काढायचं. बाबांसाठी बायर्न तिकीट (बव्हेरियातल्या रीजनल गाड्यांचं एका दिवसाचं), ते वीकडेला सकाळी ९ नंतरच चालू होतं. आणि म्युनिकच्या लोकलमध्ये वीकडेला सकाळी ६ ते ९ सायकल नेता येत नाही. दोन्हीचा मेळ घातला तर ९ च्या आधी घरातून निघायचं कारणच उरत नाही. बाबांना हे पटलेलं नाही. त्यांच्या हिशोबानं प्रवासाला निघायची वेळ पहाटे चार.

व्हिसा हातात आल्याशिवाय आता काहीही बुक करणार नाही.

२३ मार्च

व्हिसा झाला. अपॉइंटमेंटच मिळत नव्हती, शेवटी पुण्याची मिळाली, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं म्हणून आईबाबा रात्रीच्या गाडीनं सांगलीहून जाऊन आले. पासपोर्ट परत आल्याचा फोन आला आणि मी त्याच रात्री परतीच्या दोन सायकलींच्या जागा आणि तीन माणसांची तिकिटं काढली. तिसरं आईचं. आई सायकल चालवणार नाही, ती म्युनिकला नातवाजवळ थांबणार आणि शेवटच्या दिवशी ट्रेननं थेट व्हिएन्नाला येणार, धुतलेले कपडे घेऊन. ही आयडिया तिचीच.

बाबांची प्रॅक्टिस सुरू आहे. हरिपूर, मिरज, एकदा नरसोबाच्या वाडीला जाऊन येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर झाले, फोटो पाठवला. पण मग तीन दिवस विश्रांती. मी सांगितलं, बाबा, एका दिवसात किती ते महत्त्वाचं नाही, सलग तीन दिवस रोज पंचवीस करून दाखवा. "बघू की" म्हणाले. आईनं मागून ओरडून सांगितलं की बसायला उशी लागतेय त्यांना.

मुक्कामही बुक केले. पहिला दिवस सोडला तर रोज साधारण ३५ ते ६५ किलोमीटर असे तुकडे: पासावहून पहिल्या दिवशी फक्त एंगेलहार्ट्सत्सेल, मग लिंत्स, ग्राईन, मेल्क, क्रेम्स, टुल्न, व्हिएन्ना. फिट लोक हे चार दिवसांत करतात. आम्ही सातात. तुकडे पाडताना मी एकच गोष्ट बघितली, अर्ध्यात बाबांना जमलं नाही तर जवळ रेल्वे स्टेशन आहे का. लिंत्सच्या पुढे जवळजवळ सगळीकडे कुठल्या ना कुठल्या काठाला आहे. पासाव ते आशाख मात्र नदीच्या दरीत रेल्वेच नाही, लोहमार्ग आतून वेल्सकडून जातो. आणि तोच सगळ्यात जंगलातला भाग. म्हणून तो टप्पा दोन दिवसांत तोडला.

६ एप्रिल

बाबांसाठी सेकंडहँड सायकल घेतली, १२० युरो, सात गिअर, खाली वाकलेला दांडा म्हणजे पाय टाकायला सोपं, मडगार्ड, कॅरिअर, लाईट सगळं आहे. विकणाऱ्या आजींनी पुसून दिली. फार खूश आहे.

४ मे

आईबाबा पोचले. बॅगेत भडंग तीन किलो, सांडगे, मेतकूट, आणि एक पंधरा फुटी नायलॉनची दोरी. "सायकलच्या प्रवासाला जायचं आणि दोरी नाही?" तूप आणि पेढे मी आधीच नको सांगितलं होतं, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. आईला अजून वाटतं की हे मी आळसानं सांगितलं.

१० मे

घेतलेली सायकल फेल.

बाबा पार्किंगमध्ये चालवायला लागले आणि वीस मीटरवर एकदम चाक लॉक होऊन आडवे. लागलं नाही, कोपर खरचटलं. झालं असं की त्या सायकलीला पेडल मागे फिरवलं की लागणारा ब्रेक आहे, इथं जुन्या सिटी सायकलींना सर्रास असतो आणि मी कधी विचारच केला नाही कारण माझ्या सायकलीलाही तोच आहे, मला सवय. बाबांना पन्नास वर्षांची सवय वेगळी: चालता चालता पेडल मागे फिरवून पाय जुळवून घ्यायचा, थांबायच्या आधी तर हमखास. दर वेळी ब्रेक लागणार. "शिकतो की आठ दिवसात" म्हणत होते, पण मला वाटतं पायाची सवय आठ दिवसांत जात नाही, आणि कॅरिअरवर सामान असताना मागचं चाक असं लॉक झालं तर अवघड आहे. सायकल ९० ला विकली. ३० युरो आणि एक कोपर.

१७ मे

दुसरी सायकल, २१० युरो, ट्रेकिंग टाईप, २४ गिअर, पेडल मागे मोकळं फिरतं. यावेळी बाबांना बरोबर नेलं. त्यांनी विकणाऱ्या मुलासमोर सायकल उलटी केली, चाक फिरवून बघितलं, बोटानं रिमचा आऊट (वाकडेपणा) दाखवला आणि मला म्हणाले, "वीस कमी कर म्हण." मुलानं केले.

घरी आल्यावर अर्धा दिवस बाबा सेलरमध्ये, म्हणजे तळघरात. आऊट काढला, चेन बदलली, ब्रेकचे रबर बदलले (सगळं मिळून ४६ युरो). सगळ्यात जास्त आनंद त्यांना व्हॉल बघून झाला, इथल्या बऱ्याच साध्या सायकलींना आपल्याकडच्याच जातीचा व्हॉल असतो, नट काढून बाहेर ओढायचा. "हे तर आपलंच की गं!" मी मुंबईहून येताना काही स्पेशल पंप आणायचा का म्हणून तासभर वाचत बसले होते.

मग ब्रेकचा घोळ. इथं उजव्या हाताला मागचा ब्रेक आणि डाव्या हाताला पुढचा. बाबांच्या हाताला उलटं बसलंय. मी म्हटलं सवय करा, ते म्हणाले सवय कशाला, केबल दोनच तर आहेत. दहा मिनिटांत बदलल्या. आता ही सायकल सांगली पद्धतीची आहे आणि त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा कागद लावलाय.

ई-बाईक भाड्यानं घेऊ का हे दोनदा विचारलं. गुडघ्याचा प्रश्न नाही पण वय आहे. बाबांनी नाही म्हटलं ते मानासाठी, मी नाही म्हटलं ते ट्रेनसाठी. पंचवीस किलोचं धूड डब्यात उचलून कोण घालणार.

२५ मे

ट्रायल. म्युनिकहून इझार नदीच्या काठानं लांडशूटपर्यंत पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर आणि परत ट्रेननं. सायकलिंग मस्त झालं. फ्रायझिंगच्या पुढे बाबा जरा दमले, केळी आणि भडंग खाऊन परत सुरू.

रस्त्याची उजवी बाजू हा खरा धोका निघाला. सरळ जाताना ठीक, पण डावीकडे वळलं की वळण संपताना बाबा डाव्या बाजूला जाऊन बसतात, तीनदा झालं, एकदा समोरून बाई बाबागाडी घेऊन. शेवटी उजव्या मुठीला हिरवी चिकटपट्टी लावली, "हिरवा हात गवताकडे". हे बाकी चाललं.

ट्रेनमध्ये मात्र हरलो. उन्हाचा रविवार, दुपारचे चार, प्लॅटफॉर्मवर पंधरा-वीस सायकली. गाडी आली ती आधीच भरलेली. बाबा म्हणाले, "हाय की जागा, जरा सरका म्हण." मला म्हणायची लाज वाटली आणि तोवर दार बंद. पुढच्या गाडीला एक तास. त्या तासात बाबांनी निरीक्षण करून ठेवलं की सायकलींचा डबा कुठे थांबतो, दारावर सायकलचं चित्र असतं, आणि जे लोक पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या बॅगा) आधीच काढून हातात घेऊन उभे असतात ते आत जातात, आमच्यासारखे सायकलवर सामान लादून उभे राहतात त्यांना दारात वेळ लागतो आणि मागचे चिडतात. पुढच्या गाडीत आम्ही पॅनिअर हातात घेऊन योग्य जागी उभे होतो आणि चढलो. आत सायकली बांधायला पट्टा होता, तो पुरला नाही. मग नायलॉनची दोरी निघाली. मी काहीही बोलले नाही.

१ जून

म्युनिक स्टेशनवर नुसतं बघायला गेलो. परतीच्या गाडीत सायकली उभ्या टांगायच्या असतात, पुढचं चाक वरच्या हुकात. बाबांची सायकल सोळा-सतरा किलो, ती छातीच्या वर उचलायची. त्यांची उंची कमी आहे. घरी सेलरमध्ये एक हुक ठोकून प्रॅक्टिस केली: सायकल मागच्या चाकावर उभी करायची, ब्रेक दाबून धरायचा, मग मांडीनं सीट ढकलायचं, चाक आपोआप वर जातं. हाताच्या ताकदीचं काम नाही ते. चौथ्या वेळी जमलं. शेजारी जिन्यात उभं राहून बघत होते.

८ जून

सामान. बाबांच्या पॅनिअरमध्ये काय काय होतं ते लिहिते: सतरंजी, पितळी तांब्या, दोन पान्हे, पंक्चरचं सगळं सामान, तीन शर्ट, स्वेटर, एक उदबत्तीचा पुडा. वजन ११ किलो. घासाघीस करून ६.५ वर आणलं. सतरंजी गेली, तांब्या गेला, पान्हे राहिले. बीपीच्या गोळ्या दोन भागात, एक त्यांच्याकडे एक माझ्याकडे. पासपोर्ट मूळ हवा, झेरॉक्स चालणार नाही, कारण ऑस्ट्रियाहून जर्मनीत येताना २०१५ पासून तपासणी असते आणि ट्रेनमध्ये पोलीस चढतात.

२३ जून, सोमवार

घरातून साडेआठला सायकलवरूनच स्टेशनला निघालो, लोकलचा प्रश्नच मिटवला. रीजनल गाडीत सायकलींच्या डब्यात आम्ही आणि एक कुत्रा. सोमवार निवडल्याचं सार्थक.

पासावला तीन नद्या मिळतात: डॅन्यूब, इन आणि इल्त्स. टोकावर उभं राहिलं की तीन रंगांचं पाणी दिसतं. "हरिपूरला दोन, इथं तीन," बाबा म्हणाले, आणि चपला काढून पाय बुडवून आले. मग जुन्या टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा बघितल्या. २०१३ चा पूर १२.८९ मीटर, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा. बाबांनी ते फुटात करायला लावलं, साधारण ४२. "आयर्विन पुलाला ४५ ला धोक्याची पातळी, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलतं." तिथं उभ्या असलेल्या एका आजोबांना हे सगळं भाषांतर करून सांगावं लागलं. ते बराच वेळ मान हलवत होते, मग त्यांनी आपल्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते हातानं दाखवलं, बाबांनी आमचं दाखवलं. पाऊण तास तिथंच गेला, पण मी घाई केली नाही.

उजव्या काठानं एंगेलहार्ट्सत्सेल. संध्याकाळी चूक कळली: गावातली खानावळ सोमवारी बंद. इथं खेड्यात आठवड्यातून एक-दोन दिवस स्वयंपाकघर बंद असतं, बहुतेक वेळा सोमवार-मंगळवार, आणि मी सोमवारी निघायचं एवढं हुशारीनं ठरवलं पण हे बघितलंच नाही. दुकान सहालाच बंद झालेलं. भडंग, ब्रेड, चीज. बाबा म्हणाले झकास.

२४ जून

श्लोगेनला नदी अख्खी उलटी फिरते, डोंगराला वळसा घालून. वर चढून बघायला अर्धा-पाऊण तास लागतो, आम्ही खालूनच बघितली.

आशाखला पूल ओलांडून ओटेन्सहाईम, आणि तिथली फेरी बघायला म्हणून बाबा अर्धा तास जास्त थांबले. त्या तराफ्याला इंजिन नाही. वर नदीवर आडवी तार, तिला तराफा बांधलेला, आणि सुकाणू तिरकं केलं की नदीचा प्रवाहच त्याला पलीकडे ढकलतो. आम्ही पलीकडे गेलो, बाबांनी परत या काठाला यायचं का विचारलं. कामच काही नव्हतं. गेलो आणि परत आलो. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

लिंत्सला पोचायला त्यामुळे साडेसात. रात्री सूपमध्ये घोळ होता होता राहिला: मेनूवर धिरड्याच्या पट्ट्यांचं सूप होतं, बाबांना आवडेल म्हणून सांगणार तेवढ्यात विचारलं, तर पाणी गाईच्या हाडांचं. इथं शाकाहारी दिसणाऱ्या सूपचं पाणी विचारल्याशिवाय घेऊ नका. मशरूमच्या रश्श्यात ब्रेडचे गोळे हे जवळपास सगळीकडे मिळालं आणि बाबांना चाललं.

२५ जून

माउटहाउझेनला नाझींच्या छळछावणीचं स्मारक आहे, नदीपासून वर टेकडीवर. प्लॅनमध्ये नव्हतं. बाबांनी पाटी वाचून विचारलं आणि मी सांगितलं, तर म्हणाले जाऊ. सायकली खाली लावून चालत गेलो. खाणीच्या १८६ पायऱ्या, ज्यावरून कैद्यांकडून दगड वाहवून घ्यायचे. इथं किमान ९०,००० माणसं मेली. ग्राईनपर्यंत कुणीच फारसं बोललं नाही. पोचायला उशीर झाला, पण ते ठीक.

२६ आणि २७ जून

ग्राईन ते मेल्क समोरून वारा. इथं बहुतेक पश्चिमेचा वारा असतो म्हणून सगळे पश्चिमेकडून पूर्वेला जातात, आमच्या दिवशी तो फिरला. पन्नास किलोमीटरला सहा तास. बाबांना मागे ठेवून मी पुढे राहिले, तर दहा मिनिटांनी त्यांनी पुढे यायचा हट्ट केला. बापानं लेकीच्या आडोशानं जायचं हे बरं दिसत नाही म्हणे. तिथं कोण बघत होतं?

मेल्क ते क्रेम्स वाखाऊची दरी, द्राक्षं आणि जर्दाळूच्या बागा. जर्दाळू घातलेले गरम गोळे खाल्ले, बाबांनी त्याला उकडीचा मोदक म्हटलं आणि दुसरी प्लेट मागवली. इथं एक पंक्चर झालं, माझं. बाबांनी बारा मिनिटांत काढलं, घड्याळ लावून.

२८ जून

क्रेम्सहून दक्षिण काठानं टुल्न. वाटेत त्स्वेंटेनडॉर्फचं अणुवीज केंद्र. पूर्ण बांधून झालं, आणि १९७८ मध्ये लोकांनी मतदानात नको म्हटलं, ते कधी चालूच झालं नाही. बाबांना हे पटेना. कुंपणाबाहेर सायकल धरून उभे. "सगळं फिट करून? टर्बाइन बिर्बाइन? आणि एकदाबी फिरवलं नाही?" रात्री झोपताना परत विचारलं, मग त्या फिटर लोकांचं काय झालं असेल गं.

३० जून, सोमवार

काल दुपारी व्हिएन्ना, आई स्टेशनवर आधीच येऊन उभी होती, पहिलं वाक्य "काळे झालात". 

परतीची गाडी. अर्धा तास आधी प्लॅटफॉर्मवर, पॅनिअर हातात, सायकलींचा डबा जिथं थांबणार त्या प्लॅटफॉर्मच्या भागाच्या अक्षराखाली उभे. गाडी येताना दिसली आणि त्याच वेळी बोर्ड बदलला, डबे आज उलट क्रमानं. अख्ख्या प्लॅटफॉर्मची लांबी, दोन सायकली, चार पॅनिअर, आणि आई. मी सायकल घेऊन पळाले, बाबा दुसरी घेऊन, आई पॅनिअर टाकून फक्त कपड्यांची बॅग घेऊन पळाली. एका मुलानं पॅनिअर उचलून आणून दिले. आमच्या हुकांवर दुसऱ्या कुणाच्या सायकली टांगलेल्या, रिझर्वेशन दाखवल्यावर त्यांनी काढल्या. बाबांनी सेलरमधली पद्धत लावली, मागच्या चाकावर उभी, ब्रेक, मांडी. पहिल्या झटक्यात हुकात.

पासावच्या नाही तर साल्झबुर्गच्या बाजूनं येते ही गाडी. सीमेच्या इकडे पोलीस चढले, पासपोर्ट बघितले, बाबांना विचारलं कुठून येताय. "सायकलवरनं," बाबा मराठीतच म्हणाले.

५ जुलै

हिशोब, दोघांचा, सात रात्रींचा: मुक्काम ६४० युरो, जेवण-खाण ३९०, ट्रेन सायकलींसकट सगळी मिळून २३०, बाबांची सायकल दुरुस्तीसकट २३६, सेकंडहँड पॅनिअर ५५, फेरी आणि किरकोळ ३५. वरून मूर्खपणाचा खर्च वेगळा: ७८ चं वाया गेलेलं तिकीट आणि पहिल्या सायकलीचे ३०. व्हिसा, विमा, विमान यात धरलेलं नाही.

प्लॅनिंगला गेलेला वेळ मोजला नाही, पण त्यातला निम्म्याहून जास्त ट्रेनमध्ये सायकल कशी जाईल यात गेला. 

उद्या आषाढी. आईनं साबुदाणा भिजवलाय. बाबांची सायकल सेलरमध्ये आहे. विकायची जाहिरात लिहायला बसले होते, पण ब्रेक उलटे आहेत हे घेणाऱ्याला सांगायला लागणार, आणि बाबांना म्हटलं केबल परत बदलून द्या, तर दोन दिवस नुसतं "करतो की" चाललंय.